अवधूत गोवंडीस उतरला असता तर

वाचकहो, या सदरास जीं पत्रें येतात त्यांपैकीं बहुतेकांत कौतुक असतें, कांहींत शंका असते, आणि वर्षाकांठीं एखादेंच असें येतें कीं, तें वाचून झाल्यावर लेखणी हातांत धरण्याची लाज वाटते. गेल्या मार्गशीर्षांत असें एक पत्र आलें. लिहिणाऱ्या भगिनी गोवंडीस राहतात. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें :

“आपण दरमहा निसर्गांतून व पुराणांतून बोध काढून आम्हांपुढें ठेवतां. गेल्या वर्षीं कमळ, वटवृक्ष, गंगा, हिमालय आणि पारिजातक हे विषय झाले. आमच्या खिडकींतून यांतलें कांहींच दिसत नाहीं. समोरून हार्बर मार्गाच्या गाड्या जातात, आणि गच्चीवर गेलें म्हणजे दूरवर कचऱ्याची टेकडी दिसते. वारा तिकडून सुटला कीं दारें-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे. शाळेंत कोणीं पत्ता विचारला तर तो चेंबूर म्हणून सांगतो. परवां त्याला निबंध होता, ‘माझ्या परिसरांतील निसर्ग’. त्यानें आजोळचा गुहागरचा समुद्र वर्णन केला, आणि तो आमच्या घरासमोर आहे असें लिहून दिलें. निबंधाला वर्गांत सर्वांत जास्त गुण मिळाले. त्याच्यावर रागवावें कीं नाहीं, हें मला कळेना. आपणच सांगा, गोवंडीच्या मुलानें निसर्गापासून काय शिकावें ?”

पत्र वाचून मीं गेल्या कांहीं वर्षांचे अंक काढून पाहिले. कमळावर मीं तीन वेळां लिहिलें आहे. चिखलांत जन्म घेऊन चिखलाचा डाग लागूं न देणारें कमळ, हा बोध तिन्ही वेळां मोठ्या थाटानें सांगितला आहे. ज्या चिखलावर त्या कमळाचें पोषण झालें त्याविषयीं मात्र एक ओळहि लिहिलेली सांपडली नाहीं. त्या मुलानें केलें तेंच मीहि इतकीं वर्षें करीत आलों होतों. समोर आहे तें सोडून दुसरीकडचा समुद्र घरापुढें आणून ठेवीत होतों, आणि मलाहि चांगले गुण मिळत होते !

आपल्या परंपरेंत निसर्गाला गुरु मानण्याची जी मूळ कथा आहे, ती या दृष्टीनें पुन्हां एकदां वाचावी असें वाटलें. भागवताच्या एकादश स्कंधांत, सातव्या अध्यायापासून नवव्यापर्यंत, यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. निजधामास जाण्यापूर्वीं श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. अंगीं इतकें सामर्थ्य असून कांहींहि न मिळवितां हा तरुण आनंदांत कसा, असें यदूनें विचारलें, तेव्हां अवधूतानें आपल्या चोवीस गुरूंचीं नांवें घेतलीं. हीं नांवें आपण लहानपणीं ऐकलेलीं असतात. पण यादी सावकाश वाचणारा विरळा. पृथ्वी, वायु, आकाश, पाणी, अग्नि, चंद्र, सूर्य येथपर्यंत आपल्याला कांहींच अडचण नाहीं. पुढें मात्र पिलांच्या मोहानें जाळ्यांत पडलेला कपोत येतो, जागच्या जागीं पडून राहणारा अजगर येतो, दिव्यावर झेप घेणारा पतंग, गळाला लागलेला मासा, दुसऱ्यानें सांठविलेला मध काढून नेणारा, विदेहनगरींतील वेश्या पिंगला, बाण घडविणारा कारागीर, साप आणि कोळी येतात. यांपैकीं कित्येकांना आपण उंबरठ्याच्या आंत येऊं देणार नाहीं. अवधूतानें गुरु निवडतांना सौंदर्य पाहिलें नाहीं, कुल पाहिलें नाहीं, आणि गुरु चुकत आहे कीं बरोबर आहे हेंहि पाहिलें नाहीं. तो जेथें होता तेथें जें समोर आलें, तें त्यानें न्याहाळून पाहिलें. एवढेंच त्याचें शिष्यत्व. मग हा अवधूत आज गोवंडीच्या स्थानकावर उतरला असता तर पुढच्या गाडीनें परत गेला असता काय ?

माघी पौर्णिमेला रविवार आला. पार्ल्याहून पहाटेची गाडी पकडून, वडाळ्यास बदलून, मी साडेसहाच्या सुमारास गोवंडीस उतरलों. पत्रानें आधीं ठरल्याप्रमाणें त्या भगिनी मुलाला घेऊन फलाटावर आल्या होत्या. मुलगा स्थानकाच्या पाटीखालीं उभा होता. पाटीवर गांवाचें नांव तीन भाषांत लिहिलेलें होतें, आणि एकदांहि तें न उच्चारणारा हा बाळ नेमका त्याखालीं उभा होता. मला पाहतांच त्यानें वांकून नमस्कार केला व विचारलें, “आजोबा, आपण गुहागरबद्दल मला रागवायला आलांत का ?” मीं सांगितलें कीं, मीं स्वतः तीन वेळां कमळ लिहिलें आहे, तेव्हां मला तो अधिकार उरलेला नाहीं. तो हंसला. आमची मैत्री तेथेंच जमली.

आम्ही तिघे पुढच्या गाडीनें वाशीस निघालों. मानखुर्द मागें पडलें कीं, गाडी खाडीच्या पुलावर चढते. १९९२ सालीं हा लोहमार्ग वाशीपर्यंत नेण्यांत आला. तेव्हांपासून रोज लक्षावधि माणसें या पुलावरून जातात, आणि त्यांपैकीं किती जणांनीं मान वर करून खाडी पाहिली असेल तें सांगवत नाहीं. पौर्णिमेचें उधाण असल्यामुळें ओहोटीहि मोठी होती, आणि किनाऱ्यावर पोंचलों तेव्हां पाणी दूर जाऊन चिखलाचें विस्तीर्ण मैदान उघडें पडलेलें होतें. मुलानें नाकाला रुमाल लावला आणि आश्चर्यानें म्हणाला, “इथेंहि वास येतो !”

किनाऱ्याच्या कडेला तिवरांची रांग होती. तिवराखालच्या चिखलांतून बोटभर उंचीच्या असंख्य काड्या वर आलेल्या दिसतात. त्या त्याच्या श्वासाच्या मुळ्या. चिखलांत प्राणवायु नाहींसाच असल्यामुळें हें झाड आपल्या मुळ्या खालून वर पाठवितें. भोंवतीं सारें पाणी खारें. तेंच तें पितें, आणि जास्तीचें मीठ पानांवाटे बाहेर टाकतें. मुलाला मीं पान उलटून चाटून पाहावयास सांगितलें. आईनें डोळे वटारले. पण तोंवर त्यानें पान जिभेला लावलें होतें. “खारट आहे !” तो ओरडला. मग मीं नेहमींच्या संवयीनें बोध सुरू केला : पाहा बाळ, परिस्थिति कितीहि खारट असली तरी तिवर ती सोसतो, वाईट तें बाहेर टाकतो आणि हिरवा राहतो. मुलानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “म्हणजे आम्हीं पण सोसत राहायचें ?”

वाचकहो, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. दुसऱ्याला सोसण्याचा उपदेश करण्याइतकें सोपें काम जगांत नाहीं, आणि निसर्गाच्या नांवानें तो केला म्हणजे आपल्याकडे दोषहि येत नाहीं. विचार केल्यावर लक्षांत आलें कीं, तिवराची अर्धीच गोष्ट मीं सांगितली होती. तिवरानें नुसतें सोसलें असतें तर मुंबईच्या भोंवतीं आज जेवढें आहे तेवढेंहि उरलें नसतें. भराव घालून, तोडून त्याचा केव्हांच निकाल लागला असता. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था न्यायालयांत गेली, म्हणून २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें राज्यांतील या वनांची तोड थांबविणारा आदेश दिला, आणि २०१८ सालच्या अंतिम निर्णयांत तो कायम केला. २०२० सालीं याच वनांतल्या पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राच्या राज्यवृक्षांत मान मिळाला. सोसणें हें झाडाचें काम झालें. सोसणाऱ्यासाठीं उठणें हें माणसाचें. मीं मुलाला एवढेंच सांगितलें, “नाहीं. तिवराला पाय नाहींत, तोंड नाहीं. तुला दोन्ही आहेत.”

तेवढ्यांत सूर्य वर आला आणि चिखलाच्या कडेला एक गुलाबी रेघ उजळली. ते रोहित पक्षी होते. कांहीं जण त्यांना अग्निपंख म्हणतात. कच्छच्या रणाकडून कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास हे पाहुणे येतात आणि पावसाळा तोंडावर आला म्हणजे परततात. ठाण्याच्या खाडीचा पश्चिमेकडील सुमारें १,६९० हेक्टरांचा भाग २०१५ सालीं त्यांच्यासाठीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं त्याला रामसर स्थळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्या अभयारण्याचा एक कांठ वाशीच्या पुलापाशीं संपतो, आणि पलीकडच्या तीराला मानखुर्द, देवनार व गोवंडी हा सारा मुलूख आहे. हें ऐकून मुलाचे डोळे मोठे झाले. आपल्या परिसरांतील निसर्गाला आंतरराष्ट्रीय दाखला आहे, हें त्याला कोणीं सांगितलेंच नव्हतें.

एक पक्षी एका पायावर निश्चल उभा होता. माझ्या तोंडावर पुन्हां बोध आला : पाहा, तपस्व्यासारखा उभा आहे. पण एकदां फजिती झालेली असल्यानें मीं जीभ आवरली, आणि तें बरें झालें. कारण या उभें राहण्याचा अभ्यास झालेला आहे. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें दिसून आलें कीं, या पक्ष्याच्या पायाची रचनाच अशी आहे कीं, एका पायावर उभें राहण्यास त्याला स्नायूंचें बळ जवळजवळ खर्चावें लागत नाहीं. आपण ज्याला तप म्हणतों तो त्याचा विसावा आहे ! घरांतल्या मंडळींनीं हा बोध ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. एकाचें कष्ट करणें आपल्याला सहज वाटतें, दुसऱ्याचें स्वस्थ बसणें आपल्याला आळस वाटतें. दिवसभर हंसतमुखानें वावरणारी सून थकत नाहीं असें धरून चालतों, आणि खिडकींत बसलेल्या म्हाताऱ्या सासऱ्यांना काम नाहीं म्हणून सुखी समजतों. बाहेरून दिसणाऱ्या आसनावरून आंतला श्रम आणि आंतला विसावा ओळखूं येत नाहीं. नीट पाहिल्याशिवाय काढलेला बोध आपलाच असतो, पक्ष्याचा नसतो.

दुसरी गोष्ट त्याच्या रंगाची. रोहिताचें पिलूं जन्मतः करड्या रंगाचें असतें. खाडींतलें शेवाळ आणि बारीक जीव खाऊन, त्यांतल्या रंगद्रव्यानें तें पुढें गुलाबी होतें. चोंच उलटी करून, पाणी गाळून, तें चिखलाचें बाजूस सारतें आणि अन्न तेवढें ठेवतें. या खाडींत शेवाळ इतकें माजण्यास शहराचें सांडपाणीहि कारण असावें, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. म्हणून सांडपाणी चांगलें असा अर्थ कोणीं काढूं नये. विष वाढत गेलें तर एक दिवस शेवाळहि राहणार नाहीं आणि पक्षीहि येणार नाहींत. पण पार्ल्याच्या मोरींतून गेलेलें पाणी आणि खाडीवरची ही गुलाबी रेघ यांमध्यें कांहीं नातें आहे, ही जाणीव प्रथमच झाली.

मुलगा आतां पक्षी सोडून पलीकडच्या तीराकडे पाहत होता. सकाळच्या धुरकट प्रकाशांत तेथें एक लांबट, सपाट माथ्याची टेकडी दिसत होती आणि तिच्यावर घारी फिरत होत्या. “तो कुठला डोंगर ?” त्यानें विचारलें. आईनें उत्तर दिलें नाहीं. मग तो आपणच हळू आवाजांत म्हणाला, “आमचाच आहे.”

देवनारच्या त्या जागीं १९२७ सालापासून मुंबईचा कचरा पडत आला आहे. आपल्यांत म्हण आहे कीं, बारा वर्षांनीं उकिरड्याचाहि पांग फिटतो. या उकिरड्याचीं बारा वर्षें आठ वेळां उलटलीं ! २०१६ च्या जानेवारींत त्याला जी आग लागली तिचा धूर अवकाशांतून घेतलेल्या छायाचित्रांतहि उमटला, आणि जवळपासच्या पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०२५ सालीं महापालिकेनें तो जुना सांठा उपसून जमीन मोकळी करण्याचें काम हातीं घेण्याचें ठरविलें, तेव्हां तेथील कचऱ्याचा अंदाज सुमारें १ कोटी ८५ लाख टन करण्यांत आला होता. पालिकेच्या ज्या एम-पूर्व विभागांत गोवंडी येते, तो विभाग २००९ च्या मानवविकास अहवालांत मुंबईच्या सर्व विभागांत तळाला होता, यांत नवल कसलें ?

समुद्रमंथनाची कथा आपण मुलांना सांगतों तेव्हां लक्ष्मी, ऐरावत, कल्पवृक्ष आणि अमृत यांवर आपला भर असतो. पण मंथनांतून प्रथम वर आलें तें हलाहल. त्याची व्यवस्था झाल्यावांचून पुढचें एकहि रत्न कोणाच्या हातीं आलें नाहीं. मुंबई हें शंभर-दीडशें वर्षें चाललेलें मोठें मंथनच आहे. त्यांतून निघालेलीं रत्नें कोठें गेलीं हें आपणां सर्वांना ठाऊक आहे; आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं त्यांतलें थोडेंबहुत आलेंहि आहे. हलाहल मात्र या तीरावर आणून ओतलें गेलें. शिवानें तें आपण होऊन घेतलें, म्हणून तो नीलकंठ झाला आणि देवांनीं त्याची स्तुति केली. गोवंडीला कोणीं विचारलें नाहीं, आणि स्तुतीऐवजीं तिच्या वांट्याला असें नांव आलें कीं, तें उच्चारतांना तिचींच मुलें लाजतात. मी साठ वर्षें पार्ल्यांत राहतों आहे. त्या टेकडींतला किती भाग माझा, याचा हिशेब मीं कधींच केला नव्हता.

दुपारीं मेगाब्लॉक असल्यानें आम्ही लवकर परतलों. घरीं आजीबाईंनीं पोहे करून ठेवले होते. खाणें झाल्यावर मुलगा मला गच्चीवर घेऊन गेला. एक घार पंजांत कांहीं धरून चालली होती आणि पांच-सहा कावळे तिच्या मागें लागले होते. शेवटीं तिनें तें टाकलें. कावळे त्यावर तुटून पडले आणि ती एकटी वर वर जाऊन संथपणें तरंगूं लागली. अवधूताचा कुरर तो हाच प्रसंग ! मांसाचा तुकडा टाकल्याबरोबर कुररामागची पीडा गेली, म्हणून संग्रह हें दुःखाचें मूळ, असें अवधूत शिकला. मीं हें मुलाला सांगितलें. त्यानें थोडा वेळ विचार करून म्हटलें, “पण आजोबा, आपण तर रोजच टाकतों.”

मुलांच्या बोलण्यांत असा एखादा शब्द येतो कीं, मोठ्यांचें सारें तत्त्वज्ञान त्यावर अडखळतें. टाकणें आणि त्यागणें यांत अंतर आहे. कुररानें हांव टाकली, म्हणून तो मोकळा झाला. आपण हांव ठेवतों आणि वस्तु टाकतों; ती दारापलीकडे गेली कीं आपण निर्लेप झालों असें समजतों. माझ्या आईचें सोवळें फार कडक होतें. ओंवळ्या हाताचा स्पर्श झाला तर भरली घागर ओतून देत असे. पण तिच्या काळीं घराच्या परसांत उकिरडा होता. भाजीचे देंठ, केळीचीं पानें, राख सारें तेथें जाई आणि वर्षभरानें नारळाच्या आळ्यांत पडे. म्हणजे घरांतली अशुचि घराच्या कुंपणांतच शुद्ध होई. आपण सोवळें बहुतेक सोडलें, त्याबद्दल मला हळहळ नाहीं. पण त्याबरोबर परसांतला उकिरडाहि सोडला, आणि आपलें ओंवळें आठ-दहा कोस दूर दुसऱ्याच्या दारांत नेऊन टाकूं लागलों. स्वच्छतेचा अभिमान मात्र पूर्वींइतकाच राहिला.

गच्चीवरून उतरतांना फाटकापाशीं एक प्रौढ स्त्री दोन पोतीं उघडून बसलेली दिसली. मुलानें तिला “मावशी” म्हणून हांक मारली. ती इमारतींतला कचरा वेचते. हातांत एकामागून एक प्लास्टिकच्या वस्तु घेऊन, नुसत्या चुरगळून, त्यांच्या आवाजावरून ती जाती निराळ्या करीत होती. आम्ही जवळ उभे राहिलों, तरी तिनें मान वर केली नाहीं. मला अवधूताचा शरकार आठवला. बाण सरळ करण्यांत तो इतका गढला होता कीं, जवळून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला कळलें नाहीं. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी बांधलेली होती. “काच लागली,” ती म्हणाली, “कुणीतरी फुटका पेला तसाच पिशवींत टाकला होता.” पोहे देतांना हंसत-बोलत असलेल्या आजीबाई जिन्यांतच थबकल्या. आठवड्यापूर्वीं त्यांच्या हातून एक पेला फुटला होता. त्या कांहीं बोलल्या नाहींत, आम्हींहि नाहीं.

एकादश स्कंधावरची आपली थोर टीका ज्यांनीं लिहिली त्या एकनाथांनीं ती शके १४९५ मध्यें, म्हणजे १५७३ सालीं, काशीस पुरी केली. त्याच नाथांची कथा अशी सांगतात कीं, पैठणास गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटांत अस्पृश्य मानलेल्या घरचें एक पोर रडत होतें. त्यांनीं त्याला कडेवर उचललें आणि घरीं पोंचविलें. चोवीस गुरूंचें विवरण आणि तें पोर उचलणें या दोन गोष्टी आपण निरनिराळ्या सांगतों. त्या एकच आहेत. ज्याला वाळू दिसली त्यालाच पोर दिसलें. ज्याला घार दिसेल त्याला तिच्याखालची टेकडी दिसली पाहिजे, आणि टेकडी दिसली तर तिच्यावरचा हात दिसला पाहिजे.

मात्र त्या हाताला गुरु म्हणून वंदन करून मोकळें होणें, ही आणखी एक पळवाट होईल. गुरु केला म्हणजे दक्षिणा आली. ती फार मोठी नाहीं, आणि प्रत्येक घरांतून देतां येण्याजोगी आहे. ओला आणि सुका कचरा घरांतच निराळा करावा. २०१६ सालीं केंद्र सरकारच्या नियमांनीं तें घरोघर बंधनकारक केलें, पण आपल्याकडे किती घरीं तें होतें, हें प्रत्येकानें आपल्या मनाला विचारावें. फुटकी काच, ब्लेड, सुई हीं जाड कागदांत गुंडाळून, वर खूण करून, निराळीं द्यावीं. घरांतल्या स्त्रियांचे आणि तान्ह्या मुलांचे वापरलेले कपडे व घड्या उघड्या टाकूं नयेत. गच्ची किंवा अंगण असेल तेथें देंठ-सालींचें खत करावें. परसांतला उकिरडा कुंडींतहि मावतो. आणि कचरा नेणाऱ्या माणसाचें नांव घरांतल्या मुलांना ठाऊक असावें. यानें देवनारची टेकडी उद्यां सपाट होणार नाहीं, हें मी जाणून आहें. तें काम पालिकेचें आणि सरकारचें आहे, आणि त्याचा जाब त्यांना विचारीत राहणें हें आपलें. पण दुसऱ्याला जाब विचारणाऱ्याचे हात आधीं आपल्या पिशवींतून स्वच्छ बाहेर आले पाहिजेत.

हें सारें फाल्गुनाच्या अंकांतच लिहिणार होतों. पण मनाजोगें उतरेना, म्हणून राहिलें. तेवढ्यांत त्या भगिनींचें दुसरें पत्र आलें. मुलगा शाळेंत अजून सर्वांना गोवंडी म्हणून सांगत नाहीं, असें त्यांनीं प्रामाणिकपणें लिहिलें आहे. एका दिवसांत एवढें होईल, अशी माझीहि अपेक्षा नव्हती. पण गेल्या आठवड्यांत तो आपण होऊन एका मित्राला घरीं घेऊन आला. मित्र माटुंग्याचा. दोघे गच्चीवर गेले. वारा नेमका तिकडून होता. मित्रानें नाक दाबून विचारलें, “शी, कसला वास हा ?” आई जिन्यांत उभी राहून ऐकत होती. मुलानें घारींकडे बोट दाखवीत, अगदीं साधेपणानें उत्तर दिलें, “तुमच्या घरचा आहे. आणि थोडा आमच्या घरचा.”

पत्राबरोबर निबंधाची एक प्रत आहे. विषय तोच, ‘माझ्या परिसरांतील निसर्ग’. कोणीं सांगितला नसतां त्यानें तो पुन्हां लिहून काढला आहे. त्यांत तिवर आहे, रोहित आहे, घार आहे, टेकडी आहे, आणि बोट बांधलेली मावशी आहे. बोध मात्र कोठेंहि काढलेला नाहीं. मला वाटतें, अवधूतानें त्याला सर्वांत जास्त गुण दिले असते. नव्या वर्षापासून मीहि कमळाबद्दल लिहिणें थोडें थांबवीन म्हणतों.